सेंट्रल लॉकचा फ्यूज पुन्हा पुन्हा का उडत होता: कामाच्या नोंदी

२७ जुलै २०२४, शनिवार

गाडी २०१३ सालची, पेट्रोल हॅचबॅक. चारही दारांचं सेंट्रल लॉक मुळातलंच, नंतर बसवलेलं नाही. आज सकाळपासून रिमोट दाबला की इंडिकेटर नेहमीसारखे लुकलुकतात, पण एकाही दाराचं कुलूप हलत नाही. चालकाच्या दारावरचं बटण दाबलं तरी तेच. किल्लीने फक्त चालकाचं दार उघडतं. बाकीचे खटके आत वाकून हाताने ओढावे लागतात. आई मागे बसते. तिचा उजवा खांदा आखडलेला आहे, त्यामुळे तिला आतून खटका ओढता येत नाही. म्हणून हे काम पुढे ढकलायचं नाही.

इंडिकेटर लुकलुकतात ही मोठी खूण आहे. याचा अर्थ रिमोटचा सेल ठीक, सिग्नल पोचतोय, आणि लॉकच्या मॉड्यूलला (कुलपं चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) हुकूम कळतोय. फक्त तो हुकूम पाळायला मोटारींना करंट मिळत नाही. मॉड्यूलच्या स्वतःच्या पुरवठ्याचा फ्यूज वेगळा आणि लॉकच्या मोटारींचा वेगळा, अशी रचना असली की हीच लक्षणं दिसतात. इंडिकेटरही मेले असते तर मी आधी रिमोटचा सेल बदलून पाहिला असता.

बॅटरी १२.५ व्होल्ट, इंजिन बंद. बॅटरीचा दोष नाही.

आतला फ्यूज बॉक्स स्टीअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा आहे, त्यात 'डोअर लॉक, २०' असं लिहिलेलं. जागेवर पिवळा मिनी ब्लेड फ्यूज. उपसण्याआधी जागच्या जागी तपासला. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक खिडक्या असतात, त्यातून धातूचे दोन ठिपके दिसतात. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावायचं आणि लाल टोक आधी एका ठिपक्याला, मग दुसऱ्याला. दोन्हीकडे बॅटरीइतका आकडा आला तर फ्यूज शाबूत. मला एका बाजूला १२.४ आणि दुसऱ्या बाजूला शून्य मिळालं. उडालेला. दोन्हीकडे शून्य आलं तर मात्र फ्यूज गेला असं समजू नये. काही फ्यूजना किल्ली फिरवल्याशिवाय पुरवठाच मिळत नाही.

फ्यूज जागेवर असताना मीटरच्या नुसत्या बीपवर (दोन टोकांत जोड असला की तो वाजतो) विसंबू नका. करंटला दुसऱ्या एखाद्या वाटेने फिरून यायला जागा असेल तर उडालेल्या फ्यूजवरही मीटर बीप देतो.

उपसून उजेडात धरला. आतली पट्टी मधोमध वितळलेली, आणि आतून प्लॅस्टिकवर काळपट शिंतोडा. पाय मात्र स्वच्छ, आजूबाजूचं प्लॅस्टिक करपलेलं नाही. सॉकेट ढिलं असतं तर पाय तापून काळे पडले असते. शिंतोडा असला की बहुधा करंट एकदम, खूप मोठा गेलेला असतो. म्हणजे शॉर्टचा, जिवंत वायर कुठेतरी पत्र्याला टेकल्याचा, वास येतोय.

झाकणातला जादा फ्यूज लावला. चारही कुलपं खटकन फिरली. पार्किंगमध्ये रिमोटने उघड-बंद करून पाहिलं, सगळं सुरळीत.

संध्याकाळी आईला घेऊन आलो. पाऊस होता. गेटपाशी मी माझं दार अर्धं उघडून छत्री बाहेर काढली आणि आईसाठी उघडायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. आई आतून म्हणते, "अरे, माझं दार उघड ना." फ्यूज पुन्हा गेला होता.

२८ जुलै, रविवार

पहिला संशय पाण्यावर. गुरुवारी पुण्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. आमची गाडी त्या भागात नव्हती, पण उघड्यावर भिजत होती. म्हणून चटया उचलल्या, खालचा गालिचा दाबून पाहिला: कोरडा. मॉड्यूल फ्यूज बॉक्सच्या मागेच आहे, त्याच्या कनेक्टरवर ना ओल, ना हिरवट डाग. पाणी या गुन्ह्यात नाही, निदान इथे तरी नाही.

नाना पेठेत फ्यूज घ्यायला गेलो. काउंटरवरच्या माणसाला सांगितलं की वीसचा सारखा उडतोय. तो लगेच म्हणाला, "साहेब, तीसचा टाका, परत उडणार नाही."

हे ऐकून मला खरंच काळजी वाटते, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. फ्यूजचा आकडा मोटारीसाठी ठरवलेला नसतो, तो वायरीसाठी ठरवलेला असतो. त्या सर्किटच्या वायरीला जेवढा करंट न तापता सोसेल, त्याच्या आत फ्यूज तुटला पाहिजे, एवढंच त्याचं काम. शिवाय फ्यूज आपल्या आकड्यावर लगेच तुटत नाही. ब्लेड फ्यूजच्या मानकानुसार १३५ टक्के करंटवर तो तुटायला दहा मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो आणि दुप्पट करंटवर पाच सेकंदांपर्यंत. म्हणजे वीसच्या जागी तीसचा लावला तर तीस अँपिअरही तो निवांत वाहू देणार. लॉकचा झटका अर्ध्या सेकंदाचा असतो म्हणून वायर वाचेल असं कुणी म्हणेल. पण शॉर्टमध्ये मॉड्यूलमधल्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले तर तो झटका संपतच नाही. मग गालिच्याखालच्या वायरींच्या जुडग्यात ती वायर तापत राहते, तिचं प्लॅस्टिक मऊ होतं, आणि शेजारची वायरही त्यात सापडते.

वीसचेच घेतले, चांगल्या बनावटीचे, काही जादा. रंग बघून घेतले तरी आकडा वाचावाच: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. २५ चा पारदर्शक असतो. आणि जुना नमुना सोबत न्यावा, कारण मिनी आणि साधा ब्लेड यांच्या पायांतलं अंतर वेगळं असतं. एकाच्या सॉकेटमध्ये दुसरा बसत नाही.

खालच्या मजल्यावरचे काका दापोडीच्या एसटी कार्यशाळेत वायरिंगचं काम करून निवृत्त झालेत. जिन्यात भेटले तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "उडाला तेव्हा दार कुठं होतं?"

"माझं? अर्धं उघडं."

"मग फ्यूज बॉक्समध्ये काय शोधतोयस? बिजागरीकडे बघ. पण आधी मोजून खात्री कर, उगाच सगळी दारं खोलत बसू नको."

३ ऑगस्ट, शनिवार

काकांनी एक जुगाड करून दिला: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचं होल्डर, दोन वायरी आणि टोकाला चपटे टर्मिनल. हे फ्यूजच्या जागी लावायचं. शॉर्ट असला तरी बल्बमधून जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर जाणार, म्हणजे ना वायर तापणार, ना एकेक फ्यूज बळी पडणार. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण पेटलेला राहतो, सुटला की विझतो.

बल्ब लावला. अंधार. चारही दारं सावकाश उघडून, मिटून, हलवून पाहिली. तरी अंधार. यातून एक गोष्ट नक्की झाली: फ्यूजपासून मॉड्यूलपर्यंतची कायम जिवंत असलेली वायर धड आहे.

पुढे बल्बचा उपयोग संपतो, आणि तो का संपतो हे समजून घेण्यासारखं आहे. लॉकचं बटण दाबलं की बल्ब क्षणभर लखकन पेटतो आणि मोटारी नुसत्या थरथरतात. चार मोटारी समांतर जोडलेल्या, त्यांचा एकत्रित रोध जेमतेम एक-दीड ओहम. तापलेल्या बल्बचा सात ओहमच्या आसपास. त्यामुळे बहुतेक व्होल्टेज बल्बच खातो, आणि समोर मोटारी आहेत की शॉर्ट आहे हे त्याच्या उजेडावरून सांगता येत नाही.

तेव्हा दुसरी रीत. बॅटरीची निगेटिव्ह काढली (दहाचा पाना). मॉड्यूलचा कनेक्टर सोडवला. स्टीअरिंगखाली हात घालताना एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावायचा नाही, हा नियम कधीच मोडू नये.

आमच्या गाडीत मोटारींकडे दोनच मुख्य वायरी जातात. निळी आणि हिरवी. मॉड्यूल शांत असताना दोन्ही आतून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडलेल्या असतात. लॉक करताना एकीला बारा व्होल्ट मिळतात आणि दुसरी अर्थवर राहते, उघडताना उलट. पोलॅरिटी बदलली की मोटार उलटी फिरते, इतकं साधं. पण मॉड्यूल जोडलेलं असताना वायर ते बॉडी मोजलं तर नेहमीच शून्य दिसणार. म्हणून कनेक्टर काढणं गरजेचं. काढल्यावर या दोन वायरींचा बॉडीशी काहीच संबंध उरायला नको.

मीटर बीपवर ठेवला, एक टोक हिरव्या वायरीला, एक बॉडीला. डावीकडची दोन्ही दारं हलवली: गप्प. उजवीकडचं मागचं: गप्प. चालकाचं दार हळूहळू उघडत गेलो आणि साधारण निम्म्यावर बीप. आणखी उघडलं, बंद. परत निम्म्यावर आणलं, पुन्हा बीप. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती, तिने दार धरलं आणि तिथेच स्थिर ठेवलं.

आता दोन वायरींपैकी दोषी कोणती? दोन्ही मोटारींतून एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे बीप दोन्हीवर येतो, म्हणून ओहम वाचायचे. मीटरची टोकं एकमेकांना टेकवली तर ०.३. हिरवी ते बॉडी ०.४. निळी ते बॉडी १.६. हिरवीच. निळीवरचा आकडा मोटारींतून फिरून आलेला आहे.

हिरवी म्हणजे उघडतानाची वायर. आता सगळं जुळलं. दार बंद असताना रिमोट कितीही वेळा दाबा, फ्यूज टिकतो. दार अर्धं उघडं ठेवून लॉक केलं तरी टिकतो, कारण तेव्हा हिरवी तशीही अर्थवरच असते. पण दार अर्धं उघडून *उघडायचं* बटण दाबलं की हिरवीवर बारा व्होल्ट येतात आणि ते सरळ पत्र्यात जातात. पावसात आईसाठी मी नेमकं हेच करत होतो. गाडी गॅरेजमध्ये नेली असती तर तिथे दार बंद ठेवून रिमोट दाबून 'चालतंय की' म्हणून परत मिळाली असती. शिकलेला मेकॅनिकही यात फसू शकतो, कारण दोष फक्त एका दाराच्या एका कोनात आणि एकाच हुकुमावर दिसतो.

४ ऑगस्ट, रविवार

चालकाचं दार आणि पुढचा खांब यांच्यामध्ये रबराचा घड्यांचा बूट असतो, वायरींचा जुडगा त्यातून दारात जातो. खांबाच्या बाजूने तो बोटांनी दाबून मागे सरकवला. खरं तर सरकवायचीही गरज नव्हती, त्याची एक कड भोकातून आधीच निसटलेली होती.

कारण लगेच दिसलं. गाडी घेतली त्या वर्षी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून दारांत स्पीकर बसवून घेतले होते. त्यांनी स्पीकरची जाड दुहेरी वायर याच बुटातून कोंबली होती. बूट नीट बसेना, म्हणून तसाच सोडला. दार उघडताना जुडगा वाकतो, बुटाची कड सुटलेली, आणि हिरवी वायर खांबाच्या पत्र्याच्या कडेवर घासत राहिली.

टॉर्चच्या उजेडात पाहिलं. हिरव्या वायरीचं वरचं प्लॅस्टिक नखाएवढ्या लांबीत पूर्ण गेलेलं. आतलं तांबं काळवंडलेलं आणि मध्ये दोन-तीन तंतू तुटून बाहेर ताठ उभे. समोर पत्र्याच्या कडेवर रंग उडालेला आणि एक बारीक चकाकता, वितळून गोठलेला ठिपका. प्रत्येक वेळी फ्यूज उडाला तो तिथे. निळीचंही प्लॅस्टिक वाकण्याच्या जागी भेगाळलेलं. तुटलेली नाही, पण तिची वेळ जवळ आलेली. बाकीच्या वायरी, काचेच्या मोटारीच्या आणि आरशाच्या, एकेक करून बोटांत फिरवून पाहिल्या. त्या मऊ आणि धड आहेत.

तात्पुरतं: हिरवीभोवती टेप, पत्र्याच्या कडेवर रबराचा तुकडा, स्पीकरची वायर कापून बाहेर. फ्यूज २०. बटण चालतंय. ही दुरुस्ती नाही, सामान येईपर्यंतचा आधार आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

सामान. वायर नाना पेठेतून: एक चौरस मिलिमीटरची ऑटो केबल, बारीक तंतूंची. घरच्या वायरिंगची वायर इथे चालत नाही. तिचे तंतू जाड असतात, रोज वाकून ते लवकर तुटतात. तापकीर गल्लीतून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती), सोल्डर आणि वायरिंगची कापडी टेप. साधी काळी पीव्हीसी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, दाराच्या जुडग्यावर ती नकोच.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी, आणि सकाळी पावसाने उघडीप दिली. काका चहा घेऊन खाली आले आणि काम संपेपर्यंत थांबले.

दाराचं पॅड (आतलं आवरण): हँडलच्या मागच्या झाकणाखाली एक स्क्रू, हातटेकणीच्या खोबणीत दोन, मग कडेच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटत गेलो. आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्याला काळं चिकट लावलेलं असतं. तो फाडायचा नाही, दोऱ्यासारखं ताणत सावकाश सोडवायचा. तोच पडदा पावसाचं पाणी पॅडपासून दूर ठेवतो. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली निघाली, ती तारेने मोकळी केली.

काकांचा आग्रह होता की जोड बुटाच्या आत येता कामा नये. "सोल्डर केलेली वायर जिथं कडक होते तिथंच पुढे तुटते. जोड वाकणाऱ्या जागेत ठेवलास तर पुढच्या पावसाळ्यात परत इथंच बसशील." म्हणून हिरवीचा आणि निळीचा खराब झालेला तुकडा नुसता जोडला नाही. दोन्ही वायरींचा खांबाच्या आतपासून दाराच्या आतपर्यंतचा सगळा भाग काढून तिथे नवी केबल टाकली. एकेक जोड खांबात, एकेक दारात. जोडही समोरासमोर नाहीत, दोन बोटं मागेपुढे, म्हणजे जुडगा एका जागी फुगत नाही. आणि एका वेळी एकच वायर कापली. दोन्ही एकदम कापल्या आणि उलट्या जोडल्या तर हे दार बाकीच्यांच्या विरुद्ध चालणार: ती बंद होताना हे उघडणार.

हीट श्रिंक नळी वायरीत *आधी* ओवायची असते. सोल्डर करताना दर वेळी काका तेवढंच विचारत होते, "नळी घातलीस?"

पत्र्याची कड कानशीने गुळगुळीत केली, प्रायमरचा हात दिला. बुटाच्या कडेला साबणाचं पाणी लावून तो भोकात बसवला, आणि ओठ सगळीकडून बाहेर आलाय का ते बोट फिरवून पाहिलं. स्पीकरची वायर पुन्हा त्यातून नेली नाही. आता त्या दाराचा स्पीकर बंद आहे आणि तसाच राहील.

मग मोजणी. कनेक्टर अजून सुटा. हिरवी ते बॉडी: ओएल, म्हणजे कुठेच जोड नाही. निळी ते बॉडी: ओएल. मुलीने दार सावकाश पूर्ण उघडून पूर्ण मिटलं, मी आकड्यावर नजर ठेवून. जरासुद्धा हलला नाही. कनेक्टर लावला, बॅटरी जोडली, फ्यूजच्या जागी बल्ब: अंधार. मग वीसचा पिवळा.

काकांनी ओळखीच्या एकाकडून डीसी मोजणारा क्लँप मीटर आणला होता. (साधा क्लँप मीटर फक्त एसी मोजतो, गाडीवर त्याचा उपयोग नाही.) चारही कुलपं फिरताना शिखराचा आकडा १३ ते १४ अँपिअर. वीसच्या फ्यूजला हे अगदी योग्य. बटण दाबून दाबून पाहिलं, दार बंद, अर्धं, पूर्ण उघडं. आकडा तोच.

१८ ऑगस्ट, रविवार

रात्रभर पाऊस. सकाळी पॅड थोडं उचलून आत हात घातला: पडदा कोरडा, दाराच्या तळातून पाणी बाहेर ठिबकतंय, म्हणजे भोकं काम करतायत.

उभ्या गाडीत किती करंट झिरपतोय तेही मोजलं. बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर ओळीत, दाराची कडी स्क्रू ड्रायव्हरने बसवलेली म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, मॉड्यूल झोपायला काही मिनिटं लागतात. नंतर २८ मिलिअँपिअरवर थांबला. ५० च्या आत असला की काळजी नसते.

१ सप्टेंबर, रविवार

आज डाव्या बाजूच्या पुढच्या दाराचा बूट खोलला. स्पीकर त्याच दुकानातून बसवले होते, म्हणून तिथेही बघायला हवं होतं. तीच जाड वायर, तोच अर्धवट बसलेला बूट. या वेळी वायरींचं प्लॅस्टिक नुसतं खरवडलेलं आहे, तांबं दिसत नाही. स्पीकरची वायर काढली, खरवडलेल्या दोन वायरींवर कापडी टेप गुंडाळली, कड गुळगुळीत केली आणि बूट जागेवर बसवला.

मागचं डावं कुलूप बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा फिरतं. पॅड काढून मोटारीची दांडी सोडवून पाहिली. दांडी मोकळी असताना मोटार चपळ आहे, अडकतंय ते कडीचं यंत्र. जुनं वाळलेलं ग्रीस पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावलं. आता फरक ऐकू येतो, पण पूर्ण बरोबरीला आलेलं नाही. गणपती शनिवारी बसतायत, त्यानंतर कडी काढून धुवायची आहे. त्याच दिवशी मागच्या दोन्ही दारांची पाण्याची भोकंही उघडायची.